त्या खोलीत कोण होतं?

मार्गारेट अ‍ॅटवूड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ या कादंबरीत एक प्रसंग आहे. नायिका दुकानात सिगारेट घ्यायला जाते. काउंटरवरचा पोरगा तिच्या खात्याचा नंबर मशीनमध्ये घालतो आणि सांगतो, हा चालत नाही. ती म्हणते, असं कसं, खात्यात पैसे आहेत. त्याच दिवशी ती काम करते त्या ग्रंथालयातल्या सगळ्या बायकांना घरी पाठवलं जातं. नंतर मैत्रीण येऊन उलगडा करते. ज्या खात्यांवर बाईची नोंद आहे ती सगळी एका फटक्यात गोठवली आहेत आणि आता ते पैसे नवरा किंवा जवळचा पुरुष नातेवाईकच वापरू शकेल. अजून कुणी बायकांच्या अंगाला हात लावलेला नाही. लाल झगे, पांढऱ्या टोप्या, मूल व्हावं म्हणून दर महिन्याला होणारा भयंकर विधी, हे सगळं पुढं यायचं आहे. सुरुवात बँकेच्या खात्यापासून झाली आहे.

हा प्रसंग मी आधी ऐकला आणि कितीतरी वर्षांनी वाचला. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी तो एका रविवारी सांगितला आणि पुढच्याच आठवड्यात वसतिगृहातल्या आम्हा पोरींना घेऊन त्या पोस्टात गेल्या. प्रत्येकीचं स्वतःच्या नावाचं बचत खातं उघडायला लावलं. जिच्याकडे सुरुवातीची रक्कम नव्हती तिची त्यांनी भरली. माझी त्यांनीच भरली. “लग्नानंतर नाव बदला नाहीतर नका बदलू, पण हे खातं बंद करायचं नाही,” असं त्यांनी पोस्टाच्या पायरीवर उभं राहून बजावलं. ते पैसे मी पहिल्या पगारातून फेडले. बाकीचं देणं अजून माझ्या डोक्यावर आहे, त्याबद्दल लिहायचं आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, तिथलं कॉलेज. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की ट्रकमध्ये बिऱ्हाड भरून कोल्हापूर-सांगलीकडे, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. मी आज्जीकडे वाढले आणि शिष्यवृत्तीवर वसतिगृहात आले. इंग्रजीचं पुस्तक हातात घेतलं की छातीत धडधडायचं. बाईंना ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी रविवारी दुपारी आम्हा पाच-सहा जणींना घरी बोलवायला सुरुवात केली. हैदराबादला आबिडसच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथून त्या पुस्तकं आणत. अ‍ॅटवूडची ती प्रतही तिथलीच, मुखपृष्ठाचा एक कोपरा फाटलेली. बाई आधी एक परिच्छेद मनात वाचायच्या, बोट ओळीवर ठेवून. मग चष्मा वर सरकवून तोच परिच्छेद मराठीत सांगायच्या, आमच्या मराठीत. आम्ही समोर बसून मेथी निवडायचो किंवा शेंगा फोडायचो. मध्येच कुणी “म्हणजे?” म्हटलं की त्या थांबायच्या. घाई कधीच केली नाही.

त्यांचा एक नियम होता. गोष्टीत काय झालं हे आम्ही सांगायला लागलो की त्या हाताने थांबवायच्या. “काय झालं ते नंतर सांगा. आधी मला सांगा, हे ठरलं कुठल्या खोलीत? आणि त्या खोलीत कोण होतं?”

पहिल्यांदा हा प्रश्न मला परीक्षेतल्या प्रश्नासारखा वाटला. मग कादंबरीतला डॉक्टरचा प्रसंग आला. गिलियड नावाच्या त्या राज्यात बहुतेक बायकांना मूल होत नाही. ज्यांना होऊ शकतं त्यांना बड्या अधिकाऱ्यांच्या घरी ठेवलेलं असतं, मूल जन्माला घालून देण्यासाठी. त्यांना स्वतःचं नाव उरलेलं नाही. ज्या कमांडरच्या घरी आहेत त्याच्या नावावरून त्यांना हाक मारतात. वाचायला बंदी, लिहायला बंदी. दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा अक्षरांच्या जागी चित्रं. महिन्यातून एकदा त्यांना डॉक्टरकडे नेतात. तपासणीच्या टेबलावर, मानेच्या रेषेत, छतापासून एक चादर सोडलेली असते. डॉक्टरला बाईचा चेहरा दिसत नाही. त्याला फक्त मानेखालचं शरीर दिसतं.

बाई इथं बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, “आता सांगा, त्या खोलीत कोण होतं?” माझ्या शेजारची पोरगी म्हणाली, “डॉक्टर होता. ती नव्हती.”

अ‍ॅटवूड यांनी ही कादंबरी १९८४ च्या वसंतात पश्चिम बर्लिनमध्ये राहत असताना लिहायला घेतली. टाइपरायटर भाड्याने आणलेला, त्याचा कळफलक जर्मन. भिंतीपलीकडच्या पूर्व जर्मनीत आणि चेकोस्लोव्हाकियात त्या त्याच काळात जाऊन आल्या होत्या. माणसं बोलता बोलता विषय बदलतात, शेजाऱ्याकडे बघून आवाज उतरवतात, हे त्यांनी तिथं पाहिलं. पुस्तक पुरं झालं अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. लिहिताना त्यांनी स्वतःला एक अट घातली होती : माणसांनी इतिहासात कुठं ना कुठं, कधी ना कधी केलेलं नाही असं काहीही या पुस्तकात घालायचं नाही. त्यासाठी वर्तमानपत्रांची कात्रणं जमवली होती. ती आज टोरांटो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. म्हणून हे पुस्तक मला कधी कल्पित वाटलं नाही. ते पुराव्यांचं गाठोडं आहे.

त्या गाठोड्यात रुमानिया आहे. १९६६ च्या ऑक्टोबरात निकोलाय चाउशेस्कू यांच्या सरकारने ७७० क्रमांकाचा हुकूम काढला. देशाला माणसं हवी होती. ४५ वर्षांखालची आणि चारपेक्षा कमी मुलं असलेली कोणतीही बाई, मोजके अपवाद सोडले तर, गर्भपात करून घेऊ शकणार नव्हती. गर्भनिरोधकं बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. दुसऱ्या वर्षी जन्मांची संख्या दुपटीच्या आसपास गेली. मग बायकांनी चोरून वाटा शोधल्या आणि आकडा पुन्हा घसरला, तेव्हा सरकारने आणखी आवळलं. मूल नसलेल्यांवर कर बसला. १९८० च्या दशकात कारखान्यांत कामगार बायकांची गरोदरपणासाठी तपासणी होऊ लागली. चोरून केलेल्या गर्भपातांत ९ हजारांहून जास्त बायका मेल्या. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि नव्या सत्तेने अगदी सुरुवातीला जे कायदे रद्द केले त्यांत हा हुकूम होता. क्रिस्तियान मुंजिऊ यांचा ‘फोर मंथ्स, थ्री वीक्स अँड टू डेज’ हा सिनेमा याच काळातल्या दोन मैत्रिणींचा आहे. २००७ साली त्याला कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तो मी एका बैठकीत पाहू शकले नाही. हॉटेलच्या खोलीतला चोरट्या गर्भपाताचा व्यवहार बघताना मला बाईंचाच प्रश्न ऐकू येत होता.

त्या रविवारांमध्ये आणखीही पुस्तकं आली. झाम्यातिन यांच्या ‘वुई’मध्ये एक बाई आहे, तिला आई व्हायला बंदी, कारण सरकारने ठरवलेल्या मातृत्वाच्या मापापेक्षा ती दहा सेंटिमीटर बुटकी आहे. कॅथरीन बर्डेकिन यांच्या १९३७ च्या ‘स्वस्तिका नाइट’मध्ये हिटलरशाहीला सातशे वर्षं होऊन गेली आहेत, बायकांची डोकी भादरून त्यांना कोंडून ठेवलं आहे, आणि राज्यकर्ते एकाच गोष्टीने घाबरले आहेत की मुली जन्माला येत नाहीत. हे पुस्तक बर्डेकिन यांनी पुरुषाच्या नावाने छापलं होतं. मला ते फार जवळचं वाटतं. पुढं २०११ च्या जनगणनेत माझ्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली जेमतेम आठशेच्या घरात निघाल्या, तेव्हा मी पहिल्यांदा तेच पान उघडलं. आणि बाई या सगळ्यांच्या रांगेत ताराबाई शिंदे यांना बसवायच्या. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढं काळ्या पाण्यावर आली. तिच्यावर जो चिखल उडवला गेला त्याने संतापून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. “त्या कोर्टात विजयालक्ष्मी उभी होती,” बाई म्हणायच्या, “पण ज्या घरात तिचं मुंडन ठरलं, लग्नबंदी ठरली, तिथं तिला कुणी विचारलं होतं का?”

बाईंकडे ही पुस्तकं चालू होती त्या वर्षी पट्टा पडल्यावर आई परत आली आणि मी घरी गेले.

माझ्या आईची पिशवी तिशीच्या आत काढली होती. आमच्याकडे गर्भाशय म्हणत नाहीत, पिशवी म्हणतात. घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, जशी विहिरीचं पाणी आटल्याचं माहीत असतं. आज्जी म्हणायची, “तीन लेकरं झाली, आता त्या पिशवीचं काय काम? कटकट गेली.” आईच्या वाडीतल्या, तिच्या टोळीतल्या कितीतरी बायकांची काढली होती. मी कधी विचार केला नव्हता. या वेळी आई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी तिला बाईंचा प्रश्न विचारला. तुझं ऑपरेशन करायचं हे कुठं ठरलं? तिथं कोण होतं?

आई हसली. मग सांगायला लागली, तेव्हा तवा तापून धूर निघाला तरी तिचं लक्ष नव्हतं.

ऊसतोडीत नवरा-बायकोला मिळून एक कोयता मोजतात. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, दोघांच्या नावावर, फेडायची दोघांनी मिळून. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, त्याचे पैसे कापून जातात. पहाटे काळोखात फडात शिरायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. फडात आडोसा नाही, पाणी नाही, राहायच्या कोपीत न्हाणी नाही. पाळीच्या दिवसांत तेच कापड, तोच घाम. आईच्या अंगावर पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं. त्यात दोन-तीन खाडे झाले. टोळीचा मुकादम म्हणाला, दवाखान्यात दाखवून आण. दवाखाना खासगी होता. पोटावरून मशीन फिरवलं. डॉक्टर बाहेर गेला आणि वऱ्हांड्यात मुकादम आणि माझे वडील उभे होते त्यांच्याशी बोलला. पिशवी सुजली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. आई आत टेबलावरच होती. पैसे मुकादमाने दिले, ते पुढच्या उचलीत चढले. ऑपरेशननंतर आराम करायला सांगितला होता, पण हंगाम चालू होता. थोड्याच दिवसांत आई पुन्हा मोळ्या उचलत होती. तेव्हापासून कंबर, तेव्हापासून गरगरणं, रात्री घामाने लुगडं ओलं.

“मंग तू हो म्हणलीस का?” मी विचारलं.

“मला कुणी इचारलंच नाय. तुझ्या बापानं अंगठा दिला.”

मी परतले ते हे डोक्यात घेऊन. पुढच्या रविवारी बाईंना सांगितलं आणि म्हटलं, पण बाई, पुस्तकात तर उलटं आहे. तिथं पोटात मूल हवं म्हणून बायकांना कोंडतात. रुमानियात मूल हवं म्हणून कायदा केला. माझ्या आईची तर पिशवीच काढून टाकली. बाईंनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नुसतं बघत राहिल्या, आणि मग मलाच ते दिसलं. तिथं राज्याला मुलं हवी होती म्हणून गर्भाशय राखायचं; इथं फडाला महिन्याचे तीसही दिवस हात हवे होते म्हणून ते काढायचं. दोन्ही ठिकाणी बाईचं अंग कशासाठी आहे हे दुसऱ्यानेच ठरवलं होतं. अशा कादंबऱ्यांकडून मी जे काही शिकले त्याचा गाभा हाच आहे. त्या एखाद्या विशिष्ट जुलमाबद्दल सावध करतात म्हणून मोठ्या नाहीत. जुलूम कुठलं रूप घेईल हे गरजेवर ठरतं. मालकी कुणाची, हा प्रश्न त्या कायम धरून ठेवतात.

‘हँडमेड्स टेल’ संपत आली तेव्हा नायिका एका काळ्या गाडीत चढते आणि तिचं पुढं काय होतं ते कळत नाही. आम्ही उठायला लागलो. बाई म्हणाल्या, “बसा. पुस्तक संपलेलं नाही.” शेवटी एक पुरवणी आहे. साल २१९५. गिलियड बुडून जमाना झाला आहे. एका विद्यापीठात इतिहासकारांची परिषद भरली आहे. व्यासपीठावरचे प्राध्यापक सांगतात की नायिकेची हकिगत सुमारे ३० कॅसेटींवर ध्वनिमुद्रित केलेली सापडली, आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने ती लिहून काढून तिचा क्रम लावला. मधूनमधून ते विनोद करतात, सभागृह हसतं. मग ते हळहळतात की या बाईने स्वतःच्या भावना सांगण्यापेक्षा त्या कमांडरच्या कागदपत्रांची थोडी माहिती दिली असती तर किती उपयोग झाला असता. तो कमांडर नेमका कोण होता, यावर त्यांचा बराच वेळ जातो. तिचं खरं नाव त्यांना सापडलेलं नाही.

मला हे ऐकताना रडू आलं, गाडीच्या प्रसंगात आलं नव्हतं. बाई म्हणाल्या, “आईनं सांगितलं ते लिहून काढ. तिच्या शब्दांत. आणि लिहिलं की तिला वाचून दाखव.”

मी लिहिलं. वहीची सहा-सात पानं. दिवाळीआधी, टोळी निघायच्या आदल्या आठवड्यात, आईला वाचून दाखवलं. ती बिऱ्हाडाची गाठोडी बांधत ऐकत होती. एका जागी तिने मला थांबवलं. मी लिहिलं होतं, ‘ऑपरेशनला घरच्यांनी संमती दिली.’ आई म्हणाली, “हे खोड. घरच्यांनी म्हंजी कोन? मी घरचीच की.” मी खोडलं आणि तिने सांगितलं तसं लिहिलं : मुकादमाने पैसे दिले, नवऱ्याने अंगठा दिला, मी टेबलावर होते.

पुढं मी याच कामात आले. गावोगाव बायकांच्या आरोग्याच्या नोंदी घेणं, त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणं. २०१९ साली बीडच्या पिशव्यांची बातमी देशभर गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा ऐकून पुण्या-मुंबईचे पत्रकार हादरले. मला त्या आकड्यात एक-एक टेबल दिसत होतं आणि प्रत्येक टेबलाबाहेरचा वऱ्हांडा. खासगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेतल्याशिवाय असं ऑपरेशन करायचं नाही, असाही नियम आला. त्याने आळा बसला, आणि तो हवाच होता. पण मी बाईंची विद्यार्थिनी आहे. परवानगीचा कागद वाचताना मी आधी शोधते की बाईला समजावून सांगितल्याची नोंद कुठं आहे आणि ती कुणाच्या अक्षरात आहे. बाई फॉर्म भरत असेल तर मी पेन तिच्या हातात देते. लिहिता येत नसेल तर लिहिलेलं तिला वाचून दाखवते आणि ती दुरुस्त करेपर्यंत पान उलटत नाही. या सवयीमुळे माझं काम इतरांपेक्षा हळू चालतं. तक्रारी येतात. मी ती सवय सोडणार नाही, ती माझी नाही, मला दिलेली आहे.

दरम्यान जगभरच्या बायकांनी कादंबरीतला तो लाल झगा आणि पांढरी टोपी अंगावर चढवली. २०१७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळात, २०१८ मध्ये अर्जेंटिनात गर्भपाताच्या कायद्याच्या वेळी त्या रांगेने, एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. फोटो पाहून मी बाईंना फोन केला होता. त्या आता लातूरला भावाकडे असतात. डोळ्यांनी दगा दिला आहे, अक्षरं दिसत नाहीत. म्हणून आता वाचायचं काम माझ्याकडे. अ‍ॅटवूड यांनी २०१९ साली ‘द टेस्टामेंट्स’ हा पुढचा भाग लिहिला, तो मी त्यांना फोनवरून ऐकवते. एक परिच्छेद मनात, मग मराठीत. यात लिडिया नावाची म्हातारी स्वतःची गुप्त हकिगत लिहिते. पहिल्या पुस्तकात हीच बाई पोरींना गुलामी शिकवत होती. आता कळतं की ती पूर्वी न्यायाधीश होती, तिला स्टेडियममध्ये कोंडून, मोडून त्या राज्याने आपल्या बाजूला घेतलं, आणि आतून ती त्याच राज्याचे पुरावे जमवत राहिली.

बाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, इतक्या पोरींचं वाटोळं करून शेवटी पेन हिच्याच हातात कशाला दिलं? मी वाद घालते. मला लिडिया वाचताना आज्जी आठवते. “आता त्या पिशवीचं काय काम” असं म्हणणाऱ्या आज्जीला तिच्या वेळी कोणत्या खोलीत विचारलं होतं? तिची सात बाळंतपणं कुणी ठरवली होती? बाई म्हणतात, म्हणून तिने सुनेच्या वेळी तरी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणते, तिला तोंड उघडायला शिकवणारं कुणी नव्हतं, मला तुम्ही होतात. त्यावर त्या चिडतात. “मला मध्ये आणू नकोस, पुस्तकाबद्दल बोल.” आमचं यावर एकमत झालेलं नाही. अजून शंभर-सव्वाशे पानं बाकी आहेत, आणि बाईंनी बजावलं आहे की लिडियाचा शेवट काय होतो ते आधी सांगायचं नाही.